सतरा वळणं

"तो टोपीवाला बघ, कसा बसलाय! श्राद्धाच्या पंक्तीला बसल्यासारखा," सुकाणू धरलेल्या सासूबाई ओरडल्या. "हसणं नाही, बोलणं नाही. अगं, पुढचं शीड खेच! त्याच्याकडे काय बघत बसलीस?"

"तुम्हीच म्हणालात, बघ म्हणून!"

"बघायचं काम माझं. तुझं काम खेचायचं."

मी खेचलं. टोपीवाल्याची होडी आमच्या मागे, फार तर तीस हातांवर होती. शिडावर एक्काहत्तर नंबर. पांढरी कापडी टोपी हनुवटीखाली नाडीने बांधलेला साठीचा माणूस सुकाणूवर, आणि पुढच्या शिडाला एक तिशीतली बाई. दोघंही तोंड मिटून.

"आई, हळू बोला ना. ऐकू जात असेल त्यांना."

"जाऊ दे की! इथे मराठी कोणाच्या बापाला कळतंय?"

हा आमचा हुकमी एक्का होता. बाकीच्या होड्यांमधली माणसं एकमेकांशी कुजबुजायची. आपण कुठे वळणार, कुठल्या बाजूला वारा जास्त दिसतोय, हे शेजारच्या होडीला कळू नये म्हणून. आम्ही मात्र भर समुद्रात भाजीबाजारात बोलावं तसं बोलत होतो. नव्हे, भांडत होतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मलेशियातलं लंकावी बेट, डिसेंबरचा महिना, आणि दोन माणसांच्या शिडाच्या होड्यांची जागतिक स्पर्धा. चौतीस होड्या. त्यांत नवरा-बायको होते, बाप-लेक होते, दोन जुळे भाऊसुद्धा होते. सासू-सून फक्त आम्ही. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने "मदर अँड डॉटर?" असं हसून विचारलं. सासूबाईंनी "मदर-इन-लॉ" असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला वाटलं, ही मला एक लाइफ जॅकेट जास्तीचं देते आता.

मी नागपूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, तोही काठावर उभं राहून बघायचा. लग्न ठरवायला टिपणीस मंडळी आमच्या घरी आली, पोहे झाले, आणि सासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "वजन किती तुझं?" माझ्या आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, चौपन्न. त्यांचा चेहरा उजळला. मग म्हणाल्या, "आणि पोहता येतं?"

लग्नानंतर उलगडा झाला. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात त्या शिडाची होडी शिकल्या होत्या, आणि गेली कितीतरी वर्षं त्यांना धड जोडीदार मिळत नव्हता. सासरे होते तोवर त्यांना कधीच वेळ नव्हता. मुलाला, म्हणजे माझ्या निनादला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानाही बोट लागते. आम्हा दोघींचं मिळून वजन एकशे अठरा किलो, या होडीला अगदी मापात. मी सून म्हणून पसंत पडले की वजन म्हणून, हे मला अजून नक्की माहीत नाही.

पाण्यावर त्यांनी मला सगळं शिकवलं. घरात मात्र काडीला हात लावू दिला नाही. मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हेवा करायच्या. पण सात वर्षांत मी त्या घरात साधा चहा केला नव्हता. उठायला गेले की, "तू बस गं, मी करते." गुडघ्यांवर हात टेकून, ओठ आवळून उठायच्या, पण उठायच्याच. आल्यागेल्याचं जेवण झाल्याशिवाय त्या कधी खुर्चीला टेकल्या नाहीत. आणि मी बसलेली असायचे, पाहुणीसारखी. पाहुणीला निदान आपल्या घरी परत जाता येतं.

लंकावीला निघायच्या आधी डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, फेब्रुवारीतली. त्यानंतर होडी बंद, हेही स्पष्ट सांगितलं होतं. विमानात सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वरदा, मला एकदा त्या पायरीवर उभं राहायचंय. बक्षीस देताना उभं करतात ना, त्या. पहिली, दुसरी, तिसरी, कुठलीही चालेल. चाळीस वर्षांत मी चौथी आले, पाचवी आले. एकदा तिसरी येणारच होते, तर ऐन वेळी दोर तुटला. पायरी काही मिळाली नाही."

त्यांनी असं कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मिळेल." आणि मग रात्रभर मलाच झोप आली नाही, कारण पायरी काय माझ्या खिशात होती?

आता एक गोष्ट सांगायला हवी. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. नागमोडी जावं लागतं. थोडं या अंगाने, मग वळायचं आणि थोडं त्या अंगाने. दर वळणाला शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सणकन फिरतो. दोघांनी त्याच्याखालून वाकून, गुडघ्यांवर सरकत, दुसऱ्या काठावर जाऊन बसायचं. चौपन्न किलोच्या मुलीला हा खेळ आहे. झिजलेल्या गुडघ्यांच्या बाईला ती शिक्षा आहे.

सासूबाई दर वळणाला "आई गं" म्हणायच्या. मी वळून बघितलं की, "काही नाही, दोर अडकला." आणि मग लांबच लांब एकाच अंगाने जात राहायच्या. "आई, वळायला पाहिजे, वारा फिरलाय," मी ओरडायचे. "वळणं वळणं काय लावलंयस? माझ्या गुडघ्यांना विचार आधी!" असं त्या भर समुद्रात ऐकवायच्या.

एवढं असूनही चार दिवसांच्या नऊ शर्यतींनंतर आमचं नाव चौतिसांत वर होतं. सासूबाईंना वारा वाचता यायचा. पाण्याचा रंग जरासा गडद झाला, की त्या सांगायच्या, येतोय. आणि तो यायचा.

चौथ्या दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत टोपीवाला आमच्या पाठीला चिकटून होता. आम्ही पुढे, तो मागे. अशा वेळी मागच्याने सारखं वळत राहायचं असतं. तो वळला की पुढच्यालाही वळावं लागतं, त्याच्या आणि वाऱ्याच्या मधे राहण्यासाठी. वळता वळता पुढचा कुठेतरी चुकतो, आणि मागच्याला मोकळा वारा मिळतो. पण टोपीवाला वळलाच नाही. सरळ आमच्या मागोमाग येत राहिला आणि मागेच राहिला.

"का वळला नाही हा?" किनाऱ्यावर आल्यावर सासूबाई विचारत होत्या. "मी असते तर दहा वेळा वळले असते. ढ आहे मेला."

त्या ढ माणसामुळे संध्याकाळी फलकावर आमचे आणि एक्काहत्तर नंबरचे गुण सारखे झाले. वरच्या दोन होड्या फार पुढे होत्या, खालच्या फार मागे. उद्याच्या एकाच शर्यतीत आमच्या दोघांत जो पुढे, तो तिसरा. त्याची पायरी.

पाचव्या दिवशी सकाळी वाळूवर आम्ही शीड चढवत होतो. टोपीवाला हळूहळू चालत आला. हातात एक छोटी बाटली. त्याने टोपी सारखी केली आणि खाली बघत म्हणाला,

"नमस्कार बाई. हे तेल गुडघ्यांस लावून पाहा. माझी आई लावत असे."

माझ्या हातातला दोर सुटला. अर्धं चढलेलं शीड खाली माझ्या डोक्यावर आलं. शिडाच्या आतून मला फक्त सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "तुम्हाला मराठी येतं?"

"आम्ही मॉरिशसचे मराठी लोक. माझे खापरपणजोबा रत्नागिरीहून उसाच्या मळ्यांत गेले. मी आनंद सखाराम. शाळेत मराठी शिकवत होतो, आता निवृत्त झालो. ही माझी मुलगी वनिता." त्याने मागे उभ्या असलेल्या बाईकडे हात केला. "आम्ही एरवी होडीत क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, बोलतो. घरी मराठी आता फार कमी कानी पडते. म्हणून चार दिवस गप्प राहून ऐकत होतो. वारा तुमच्याकडून आमच्याकडे असला की शब्द न् शब्द येतो."

मी शिडातून डोकं बाहेर काढलं.

"शब्द न् शब्द?" मी विचारलं.

"मी श्राद्धाला बसल्यासारखा बसतो, हे वनिताला फार आवडले," तो गंभीरपणे म्हणाला. "तिने ते तिच्या आईला फोन करून कळवले आहे."

वनिता तोंडावर हात धरून हसत होती. मलाही हसू फुटलं. सासूबाईंना मात्र नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"म्हणजे माझे गुडघे दुखतात, हे तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"म्हणून काल तुम्ही वळला नाहीत."

टोपीवाला टोपीची नाडी ओढत राहिला.

"अहो, म्हणजे कालचा नंबर तुम्ही मला भीक म्हणून दिलात!" सासूबाई कडाडल्या. आजूबाजूच्या चार देशांच्या माणसांनी माना वळवल्या. "चाळीस वर्षं थांबले मी त्या पायरीसाठी, ती काय कोणी दया म्हणून द्यावी म्हणून? माझ्या गुडघ्यांचं मी बघेन. आज सोडायचं नाही. वचन द्या."

"बाई, पण..."

"वचन!"

त्याने आमच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. "वचन. आज श्वास घेऊ देणार नाही."

"आता कसं!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "तेल ठेवते."

वारा चांगला होता. शर्यत सुरू झाल्यावर पहिले टप्पे कसे गेले, मला आठवत नाही. आठवतं एवढंच, की आम्ही एक अक्षर मोठ्याने बोलत नव्हतो. चार दिवस घसा फोडून बोललेल्या सासूबाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजत होत्या, आणि कुजबुजताना त्यांना वारा वाचता येत नव्हता. शेवटच्या बोयाला, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेला, वळसा घातला तेव्हा आम्ही दोन होड्यांच्या अंतराने पुढे होतो. समोर शेवटचा टप्पा, वाऱ्याच्या तोंडावर, आणि त्याच्या टोकाला पंचांची बोट.

बोया मागे पडला आणि टोपीवाला वळला.

"आला," सासूबाई म्हणाल्या. आम्ही वळलो. "एक."

तो पुन्हा वळला. "दोन."

त्याने वचन पाळलं. आम्ही वळून काठावर बसतो न बसतो, तोच तो परत वळलेला असायचा. तीन. चार. पाचव्या वळणाला सासूबाईंचा गुडघा मधल्या फळीवर आपटला. सहाव्याला त्या सरकल्या, पण काठावर चढता येईना. होडी कलली, शीड फडफडलं, आणि दोन होड्यांचं अंतर अर्ध्यावर आलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. "आई गं"सुद्धा नव्हतं. टोपीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला ते बघवेना. आणि बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. सुकाणू मधून धरता येतं. काठावर जायलाच पाहिजे असं थोडंच आहे? वजन कमी पडेल, होडी जरा कलेल, पण वळण तर पटकन होईल.

"आई, तुम्ही मधे बसा," मी म्हटलं. "फळीवर. पाय लांब करा आणि सुकाणू धरा. इकडे तिकडे मी करते."

"वेडी आहेस का? दोघींचं काम एकटी करणार? बसून राहायला मी काय पाहुणी आहे?"

त्या शब्दावर माझं काय झालं कोण जाणे. सात वर्षांचं सगळं एकदम वर आलं, तेही थेट नागपूरहून.

"काय करून राहिल्या आई तुम्ही!" मी अशी ओरडले, की पंचांनाही ऐकू गेलं असेल. "सात वर्षं मला बसवून ठेवलं ना घरात? चहा नाही करू दिला साधा! पाहुणी मी आहे त्या घरात, पाहुणी! आता तुम्ही बसून जा ना बाप्पा मधे! मी करते!"

एवढ्यात मागून, पाण्यावरून, शाळामास्तरांचा खणखणीत आवाज आला.

"सुनेचे ऐका, बाई!"

आणि लगेच तो वळला.

सासूबाई बसल्या. मधल्या फळीवर, पाय लांब करून, सुकाणू मांडीशी धरून. "सात!" त्या ओरडल्या, कुजबुज विसरून. "उडी मार!"

मी मारली. होडी भिंगरीसारखी फिरली. दांड्याखालून या काठावर, पाय पट्ट्यात अडकवून अख्खी बाहेर झुकले, तोच, "आठ!" त्या काठावर. दंड भरून आले, पोटऱ्या थरथरल्या. "डावीकडून वारा येतोय, तयार राहा! नऊ! शाबास!" पाठीमागे वनिता काहीतरी क्रिओलमध्ये ओरडत होती, बहुतेक बापालाच. दहा, अकरा, बारा. दर वळणाला आम्ही इंच इंच कमवत होतो, आणि मी कलती होडी सावरेपर्यंत ते ते इंच गमावतही होतो. मला धाप लागली होती आणि मी हसत होते. सासूबाईही हसत होत्या, गालांवर पाणी तसंच. सोळाव्याला तो आमच्या बरोबरीने आला. सतराव्याला दोन्ही होड्या एकाच वेळी वळल्या आणि पंचांच्या बोटीच्या पुढ्यातून खांद्याला खांदा लावून गेल्या.

भोंगा दोनदा वाजला, एकाला लागून एक.

"कोण? कोण पुढे?" सासूबाई विचारत होत्या. मला कुठे माहीत होतं? मी होडीच्या तळाशी पडले होते. पंच आपल्या कागदात मान घालून बसले होते.

मग सासूबाईंनी माझा खांदा हलवून शेजारी बोट दाखवलं. मी उठून पाहिलं. शेजारच्या होडीत टोपीवाल्याने हनुवटीखालची नाडी सोडली. पाच दिवसांत पहिल्यांदा ती टोपी डोक्यावरून उतरली. आत तुळतुळीत टक्कल होतं. टोपी छातीशी धरून तो सासूबाईंपुढे मान लववून बसला होता.

"हातभर," तो म्हणाला. "बाई, हातभर तुम्ही पुढे. आणि मी काही दिलेले नाही."

"माहितेय," सासूबाई म्हणाल्या. "चांगले वळता तुम्ही. ढ नाही अजिबात."

बक्षीस समारंभात घोटाळा झाला. तिसरी पायरी सगळ्यांत बुटकी, तरी चांगली गुडघाभर उंच. सतरा वळणांनंतर सासूबाईंचा पाय वितीपेक्षा वर उचलेना. एक स्वयंसेवक धावत खुर्ची घेऊन आला. त्याला त्यांनी चक्क मराठीत सांगितलं, "ने ती. आज बसायचं तेवढं बसून झालंय माझं." मग एक हात माझ्या खांद्यावर, एक आनंदरावांच्या खांद्यावर, असं करून त्या चढल्या. आनंदराव म्हणजे टोपीवाला. एव्हाना त्याचे आनंदराव झाले होते. वर गेल्यावर त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पायरीवर टाच दोनदा आपटून बघितली, खरी आहे की नाही म्हणून. मी खालीच उभी राहिले होते. "तू काय पाहुणी आहेस का?" त्या ओरडल्या. "ये वर!"

तिसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याच्या घरी होतो. सकाळी मी उठून बाहेर आले, तर निनाद पेपर वाचत होता आणि सासूबाई जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर बसल्या होत्या. नुसत्या. पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेले. गॅसवर काही नव्हतं. स्वयंपाकघर मी एवढं शांत कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गुडघे फारच दुखताहेत. मी काळजीने जवळ गेले.

"वरदा," त्या म्हणाल्या, "चहा टाक गं. आलं जरा जास्त घाल."

निनादने पेपर खाली केला. मी आत गेले आणि लक्षात आलं, मला चहाची पूड कुठे असते तेही माहीत नाही.

"पूड कुठे आहे, आई?"

"वरच्या फळीवर, निळा डबा!"

"आणि किसणी?"

"डावीकडचा खण. डावीकडचा गं! अगं, ते उजवं!"

निनाद हळूच म्हणाला, "तुम्ही लंकावीला असंच ओरडत होता का?"

चहा झाला. मी तीन कप आणून ठेवले आणि उभी राहिले. सासूबाईंनी फुंकर घातली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग कप खाली ठेवला.

"पाणचट झालाय," त्या म्हणाल्या. आणि उरलेला गटागट पिऊन रिकामा कप माझ्यापुढे धरला. "अजून अर्धा दे."